इंजिनिअर कोणास म्हणावे?

(चिकपेट, बंगळूर येथे कन्नड भाषेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या जागी आपण मला बोलावयास उभे केले आहे तेथून माझ्या वडिलांचे दुकान हाकेच्या अंतरावर होते. आमचे घराणे नामदेव शिंप्यांचे. घरी मराठी, पेठेत कन्नड आणि गिऱ्हाइकाशी त्याची जी असेल ती भाषा, असा आमचा रिवाज. १९७१ साली मी स्थापत्य शाखेची पदवी घेतली आणि त्या दिवसापासून या गल्लीत माझे नाव जवळजवळ नाहीसे झाले. लहानथोर सर्वजण मला 'इंजिनिअर' म्हणू लागले. पदवीचा कागद मी वडिलांपुढे धरला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "यात नेमके काय लिहिले आहे? तू घर बांधू शकतोस असे, की दुसरे बांधत असताना जवळ उभा राहू शकतोस असे?"

मला त्या वेळी हसू आले. पुढे पुष्कळ वर्षे आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आज मी थोडा प्रयत्न करणार आहे. त्यात एका जुन्या हिशेबाचीही बाकी आहे, ती शेवटी सांगेन.

प्रथम शब्दाकडे पाहू. शब्द लॅटिन कुळातला आहे. 'इंगेनियुम' म्हणजे माणसाच्या ठायी असलेली उपजत बुद्धी, कल्पकता. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द आला त्याचे अर्थ दोन होते: एक चातुर्य, आणि दुसरा डावपेच किंवा कावा. तटबंदी फोडण्यासाठी जी अवजड लाकडी साधने वापरीत तीही अशाच चतुर बुद्धीची निर्मिती. म्हणून त्यांनाही 'एंजिन' म्हणू लागले, आणि ती रचणारा तो इंजिनिअर. वाफेचे एंजिन फार नंतरचे. इंग्रजीत आजही एखाद्याचा पराभव किंवा दंगल 'इंजिनिअर' केली असे म्हणतात, त्यात तोच जुना कावा शिल्लक आहे.

गंमत अशी, की आपल्या शब्दाची कथा याहून फारशी निराळी नाही. 'यंत्र' म्हणजे मुळात आवरून धरणारे, ताब्यात ठेवणारे साधन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यंत्रे येतात ती दुर्गाच्या संरक्षणाची, स्थिर आणि चल अशी दोन्ही प्रकारची. आणि कपटाने रचलेल्या बेताला आपण काय म्हणतो? षड्यंत्र. युद्ध, युक्ती आणि कपट ही तिन्ही एकाच शब्दाच्या घरी नांदताना युरोपातही दिसतात आणि येथेही. मराठीतला 'अभियंता' आणि आपल्या कन्नडमधला 'अभियंतर' हे दोन्ही शब्द त्याच धातूपासून अलीकडच्या काळात घडविलेले आहेत. ते शासकीय पत्रात शोभतात. पेठेत मात्र आजवर मला कोणी 'अहो अभियंता' अशी हाक मारलेली नाही.

ही केवळ व्युत्पत्तीची करमणूक नव्हे. आपल्या या पेठेशी तिचा प्रत्यक्ष संबंध आहे. केंपेगौडाने १५३७ साली हे नगर वसविले, तेव्हा दोड्डपेट आणि चिक्कपेट जेथे एकमेकींना छेदतात त्या चौकातून चार दिशांना चार नांगर सोडले आणि त्यांच्या तासांवर रस्ते आखले, अशी आख्यायिका आपण सारे ऐकत आलो. ज्या कोणी त्या दिवशी दोरी धरून रेषा सरळ ठेवली, त्याला काय म्हणत असतील ते असो. इंजिनिअर खात्रीने म्हणत नसतील. १६३८ मध्ये ही जहागीर शहाजीराजांकडे आली आणि माझ्यासारख्यांच्या भाषेने येथे मूळ धरले. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १७९१ च्या मार्चमध्ये, कॉर्नवॉलिसची फौज या पेठेच्या वेशीवर येऊन उभी राहिली. पेठ पडली आणि दोन आठवड्यांनी किल्लाही पडला. त्या फौजेबरोबर मोर्चे खणणारे, तोफांचे धमधमे उभारणारे आणि तटाला खिंडार कोठे पाडावे हे ठरविणारे जे अधिकारी असत त्यांचा हुद्दा 'इंजिनिअर' असा होता. या पेठेशी त्या शब्दाची गाठ पडली ती भिंत बांधताना नव्हे, भिंत पाडताना. मद्रास सॅपर्सचे ठाणे आजही आपल्या शहरात आहे; त्यांच्या नावात हा इतिहास अजून जिवंत आहे.

इंग्लंडात जॉन स्मीटन याने १७६८ च्या सुमारास स्वतःला 'सिव्हिल इंजिनिअर' म्हणवून घेण्यास सुरुवात केली. त्याने दीपगृह बांधले, कालवे व पूल बांधले. आणि आपण लष्करी नव्हे हे सांगण्यासाठी त्याने ते विशेषण लावले. १७७१ मध्ये अशा मंडळींची सभा स्थापन झाली. आपल्याकडे 'सिव्हिल'चे भाषांतर 'स्थापत्य' असे झाले. ते अर्थपूर्ण आहे, परंतु त्यात एक गोष्ट हरवली. खरे तर 'मुलकी इंजिनिअर' म्हणावयास हवे होते. ज्याचे मालक सेनापती नव्हेत, रयत आहे, असा. भाषांतरकारांना मी दोष देत नाही. मात्र त्या एका शब्दाबरोबर जी आठवण राहिली असती ती राहिली नाही असे मला वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. युरोपात या शब्दाचे दोन प्रवाह झाले. फ्रान्समध्ये रस्ते आणि पूल यांचे राजकीय खाते होते आणि १७४७ पासून त्यासाठी शाळा होती. तेथे इंजिनिअर म्हणजे परीक्षा दिलेला सरकारी अधिकारी. इंग्लंडात मात्र लेथवर काम करणारा, सुटे भाग जुळविणारा कारागीरही स्वतःला इंजिनिअरच म्हणे. १८५१ मध्ये तेथे इंजिनिअरांची जी मोठी संयुक्त संघटना झाली ती कामगारांची होती. अमेरिकेत तर आगगाडीचे एंजिन हाकणारा इंजिनिअर. हिंदुस्थानात इंग्रजांचे राज्य होते, परंतु आपल्या वाट्याला इंग्लंडातला कारागिरांचा प्रवाह आला नाही. कारण उघड आहे. हा शब्द येथे पलटणीबरोबर आला आणि पलटणीतून सार्वजनिक बांधकाम खात्यात गेला. म्हैसूर संस्थानचे मुख्य इंजिनिअर सँकी लष्करी इंजिनिअर होते. हायकोर्टाची तांबडी इमारत आणि सँकी तलाव ही त्यांची आठवण. शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये सुमारे ९२ मैल तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणीपर्यंत नेण्याची योजना ज्यांनी पार पाडली ते जोली द लोत्बिनिएर हेही रॉयल इंजिनिअर्सचेच. तीच वीज १९०५ मध्ये आपल्या बाजाराच्या रस्त्यांवर दिव्यांच्या रूपाने आली. तेव्हा इंजिनिअर म्हणजे साहेब, हे समीकरण येथील जनतेच्या मनात बसले ते उगाच नव्हे.

देशी माणसासाठी त्या शिडीच्या खालच्या पायऱ्या होत्या. पुण्यास १८५४ मध्ये जो इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, आणि ज्याचे पुढे मोठे महाविद्यालय झाले, त्याचा आरंभीचा हेतू बांधकाम खात्यासाठी दुय्यम नोकर तयार करणे हाच होता. ओव्हरसिअर, सबओव्हरसिअर, आणि सर्वांत खाली मिस्त्री. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत 'मेस्त्रे' म्हणजे उस्ताद, गुरू. कन्नड आणि तमिळमध्ये आपण 'मेस्त्री' म्हणतो, तो मुळाला अधिक जवळ. म्हणजे पाहा: ज्याच्या नावाचा अर्थ गुरू, तो शिडीच्या तळाशी, आणि ज्याच्या नावाचा अर्थ कल्पक, तो वर खुर्चीवर. रायगड ज्याने बांधला त्या हिरोजीने जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर स्वतःचे वर्णन 'सेवेचे ठायी तत्पर' एवढेच कोरले. हुद्दा लिहिला नाही. लिहावा असा हुद्दा त्याच्यापाशी नसेलच असे नाही.

या शिडीवरून वर गेलेल्या देशी माणसांत विश्वेश्वरय्यांचे नाव आपल्याला सर्वांत परिचयाचे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून ते पुण्याला गेले, १८८३ मध्ये तेथील परीक्षा उत्तम रीतीने उतरले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत साहाय्यक इंजिनिअर म्हणून नाशकास रुजू झाले. आपण त्यांना कृष्णराजसागराचे शिल्पकार म्हणून ओळखतो, परंतु त्यांची उमेदवारी सारी मराठी मुलखात झाली. धुळ्याच्या बाजूला पांझरा नदीत नळाचा सायफन घालण्याचे काम त्यांच्याकडे आले ते नोकरीच्या अगदी आरंभी. खडकवासल्याच्या तलावावर १९०३ मध्ये त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडावेत आणि पूर ओसरला की मिटावेत, अशी ती योजना. पुढे १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते, आणि १९१७ मध्ये या शहरात इंजिनिअरिंगचे महाविद्यालय सुरू झाले. तेथेच मी शिकलो.

परंतु खानदेशाचा उल्लेख मी दुसऱ्या कारणासाठी केला. पांझरेच्या काठी विश्वेश्वरय्या जाण्यापूर्वी कित्येक पिढ्या शेतकरी फड पद्धतीने पाणी वापरीत होते. नदीवर लहान बंधारे, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यावयाचे याचा निर्णय सर्वांनी मिळून करावयाचा. पाणी सोडणारा पाटकरी. तो गावाला जबाबदार. आपल्या म्हैसूरच्या तळ्यांवर हेच काम नीरगंटी करीत असे. तळ्याचे पाणी कोणाच्या शेताला किती वेळ जावयाचे, दुष्काळात ते सर्वांना सारखे कमी कसे करावयाचे, हे सारे त्याच्या डोक्यात असे. आणि पाण्यावरून तंटा झाला तर लोक प्रथम त्याचे दार ठोठावीत. पुढे विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या कालव्यावर गटवार पाणीवाटपाची जी पद्धत आखली तिची पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हावयासच हवी. पाटकऱ्याला आणि नीरगंटीला मात्र कोणी इंजिनिअर म्हटले नाही. त्यांच्यापाशी आकडे होते, अनुभव होता, आणि चुकले तर तोंड दाखवावे लागेल अशी जागा होती. नव्हता तो फक्त कागद.

आता जरा बाहेर पडून पाहू. आपल्या पेठेला लागूनच सदर पत्रप्पा रस्ता आहे. यंत्रांचे सुटे भाग, विजेचे सामान, संगणकाचे तुकडे, जे म्हणाल ते तेथे मिळते. तेथील पाट्या वाचीत गेलात तर इंजिनिअरांचे किती प्रकार आढळतात! लेथच्या दुकानावर 'इंजिनिअरिंग वर्क्स'. थंड हवेचे यंत्र दुरुस्त करणारा 'सर्व्हिस इंजिनिअर'. ते विकणारा 'सेल्स इंजिनिअर'. आमच्या लहानपणी शिवणयंत्र दुरुस्त करावयास एक गृहस्थ येत; वडील त्यांना 'मशीनवाले' म्हणत. त्यांचा नातू आज तेच काम करतो आणि त्याच्या कार्डावर 'टेक्निकल इंजिनिअर' असे छापले आहे. हसणारे हसतात. मी हसत नाही. दीडशे वर्षे ज्यांना हा शब्द मिळाला नाही, त्यांनी तो छापखान्यात जाऊन स्वतः घेतला, एवढेच त्याचे तात्पर्य.

दुसऱ्या बाजूने लग्नाच्या बाजारातही शब्दाची वेगळीच किंमत आहे. "मुलगा इंजिनिअर आहे" या वाक्यात मुलगा काय करतो याची माहिती नसते, काय मिळवतो याची सूचना असते. आणि या शहरात गेली चाळीस वर्षे त्या वाक्याचा अर्थ बहुधा सॉफ्टवेअर इंजिनिअर असाच होत आला आहे. जुन्या पिढीचे माझे काही व्यवसायबंधू यावर नाक मुरडतात: ज्याने कधी सिमेंटला हात लावला नाही तो कसला इंजिनिअर, म्हणून. त्यांना मी कब्बनपेटेतल्या मागांची आठवण देतो. रेशमी साडीचा काठ विणताना मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. भोक असेल तेथे सुई आत जाते आणि तिचा आकडा ताण्याचा दोरा वर उचलतो. भोक नसेल तेथे दोरा खालीच राहतो. हा माग फ्रान्समधील ल्यों शहरात जॅकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केला. त्याच पुठ्ठ्यांची कल्पना १८३० नंतरच्या दशकात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी घेतली. आणि त्या यंत्रालाही त्याने 'एंजिन' हेच नाव दिले. तेव्हा पुठ्ठ्यात मोराची नक्षी उतरविणारा आपला कारागीर आणि संगणकासाठी आज्ञावली लिहिणारा तरुण यांचे नाते दूरचे नाही. दोघेही आधी काय व्हावयाचे ते भोकांत किंवा अंकांत लिहितात आणि मग यंत्राच्या स्वाधीन करतात. एक भोक चुकले तर साडीभर मोराचा डोळा चुकतो.

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द प्रचारात आला तो १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या एका परिषदेमुळे. योगायोग असा, की विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जाऊ लागला तोही १९६८ पासूनच. त्या परिषदेपुढची अडचण अशी होती की मोठमोठ्या आज्ञावल्या वेळेवर पुऱ्या होत नव्हत्या, खर्च हाताबाहेर जात होता आणि चुका राहत होत्या. पूल बांधणारे जशी शिस्त पाळतात तशी आपण पाळावी, असे सुचविण्यासाठी तो शब्द मुद्दाम, थोडासा डिवचण्यासाठी, निवडला होता. म्हणजे त्यांनी तो बिरुद म्हणून घेतला नव्हता, ओझे म्हणून घेतला होता. पुढे ओझ्याचे बिरुद कसे झाले ते आपण पाहतोच आहोत.

हे ओझे कायद्याने कोणाच्या खांद्यावर ठेवले आहे? वकिलासाठी १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदासाठी १९७२ चा. वास्तुविशारद ही उपाधी नोंदणीवाचून लावता येत नाही. इंजिनिअरांची संस्था १९२० पासून आहे, तिला १९३५ मध्ये राजसनद मिळाली. परंतु इंजिनिअर हा शब्द कोणी वापरावा आणि कोणी नाही हे सांगणारा, सगळ्या देशाला लागू असा कायदा आपल्याकडे झालेला नाही. जर्मनीत आहे, कॅनडात आहे. कॅनडामधली एक रीत मला विशेष वाटते. तेथे १९०७ मध्ये क्वेबेकजवळचा पूल बांधता बांधता कोसळला आणि पंचाहत्तर माणसे गेली. पुलाचे वजन गृहीत धरल्यापेक्षा पुष्कळ अधिक होते. जागेवरच्या लोकांना पट्ट्या वाकताना दिसत होत्या, पत्रेही गेली होती. परंतु काम थांबवा असे म्हणण्याचा अधिकार जेथे होता तेथे कोणी डोळ्याने पाहत नव्हते, आणि जेथे पाहत होते तेथे अधिकार नव्हता. पुढे १९२५ पासून तेथील नव्या इंजिनिअरांना एका समारंभात साधी लोखंडी अंगठी देण्याची प्रथा पडली. ती काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत घालतात. कागदावर लिहिताना ती टेबलाला लागते. ती त्याच पुलाच्या लोखंडाची असते असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नाही. खरे नसले तरी लोकांना ते खरे का वाटावे, हे समजण्यासारखे आहे.

मी येथे थांबलो असतो तर व्याख्यान सुखाने पुरे झाले असते. परंतु आरंभी ज्या बाकीचा उल्लेख केला ती द्यावयाची आहे.

पदवीनंतर तिसऱ्या वर्षाची गोष्ट. मी एका खाजगी कार्यालयात नोकरीला होतो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पेठेतल्या एका जुन्या घरावर काँक्रीटचा स्लॅब टाकून कापडासाठी माळा वाढवावयाचा होता. खालच्या भिंती जुन्या, विटांच्या, मातीत बांधलेल्या. मी मापे घेतली. भिंतीची जाडी दीड फूट. कोष्टक पाहून भार किती पेलेल याचा हिशेब केला, नकाशा काढला, 'तयार करणार' या शब्दांपुढे सही केली. कामावर एक वयस्क मेस्त्री होता, कोलारकडचा. त्याने भिंतीवर मुठीने दोन ठिकाणी ठोकले आणि मला म्हणाला, "स्वामी, ही भिंत एक नाही, दोन आहेत. मध्ये नुसती माती आहे. एके जागी फोडून पाहू या."

मी म्हणालो, "मेस्त्री, हिशेब झालेला आहे."

तो पुढे काही बोलला नाही. मात्र त्याने जुन्या तुळयांखाली नकाशात दाखविले होते त्याहून अधिक टेकू उभे केले. लाकडाचा खर्च वाढला म्हणून ठेकेदार त्याच्यावर ओरडला, ते मी ऐकले. ऑक्टोबरचा पाऊस लागला. एका रात्री भिंतीच्या आतली माती भिजून फुगली आणि बाहेरची विटांची कातडी गल्लीत कोसळली. स्लॅब पडला नाही. त्या जास्तीच्या टेकूंनी तो धरला. खाली झोपलेल्या मजुरांपैकी एकाचा पाय गुडघ्याखाली चिरडला, बाकीचे वाचले.

चौकशी झाली. अहवालात कारण लिहिले गेले ते असे, की मिस्त्रीने टेकू नकाशाप्रमाणे लावले नव्हते. वाक्य अक्षरशः खरे होते. मला विचारण्यात आले, नकाशात टेकू किती होते? मी आकडा सांगितला. त्यापुढे मला कोणी काही विचारले नाही आणि मीही काही सांगितले नाही. मेस्त्रीचे काम गेले. त्याच्याकडे दाखविण्यासारखा कागद नव्हता, आणि माझ्याकडे होता.

दोन वर्षांनी मी त्याच्या गावी गेलो. क्षमा मागावी असे मनात होते. शब्दही जुळवून नेले होते. त्याने पडवीत बसविले, सुनेला कॉफी करावयास सांगितली. अहवालाविषयी तो एक अक्षर बोलला नाही. एवढेच विचारले, "त्या पोराचा पाय जुळला का?" मला ठाऊक नव्हते. दोन वर्षांत मी त्याची चौकशीच केली नव्हती. जुळवून नेलेले शब्द तेथे काढता येईनात. मी कॉफी पिऊन परत आलो.

माझे वडील सांगत, कापडाला कात्री लावण्यापूर्वी शिंप्याने दोनदा मापावे, कारण बिघडलेला सदरा घेऊन गिऱ्हाईक कात्रीकडे जात नाही, शिंप्याकडे येते. त्या दिवशी बसमध्ये मला ते वाक्य आठवत होते. इंजिनिअर कोणास म्हणावे याचे माझ्यापुरते उत्तर मी त्या बसमध्ये ठरविले: काम उभे राहण्यापूर्वी जो मोजतो आणि काम पडल्यावर ज्याच्याकडे लोक येऊ शकतात, तो. ज्याने फक्त मोजले त्याला हिशेबनीस म्हणावे. मी त्या वेळी हिशेबनीस होतो. त्या कामावर इंजिनिअर एकच होता.

आणखी एक प्रसंग सांगून बसतो. आपल्या पेठेखालून मेट्रोचे बोगदे खणले जात होते, त्या दिवसांतला. स्थानक २०१७ मध्ये सुरू झाले, त्याच्या काही वर्षे आधी. एके सकाळी एक मुलगी आमच्या घरी आली. अंगात केशरी जाकीट, हातात नोंदवही. जुन्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवावयाच्या होत्या, म्हणजे भिंत हलली तर काच तडकून समजावे. तिने पट्ट्या लावल्या, मग भिंतीवर मुठीने ठोकले. मी बसल्या जागी उभा राहिलो. ती म्हणाली, "सार्, ही भरीव वाटत नाही. एके ठिकाणी भोक पाडून पाहिले तर चालेल का?"

मी होय म्हटले. मग तिने घरात सर्वांत जुने कोण आहे ते विचारले. आमच्या मागच्या खोलीत एक वृद्ध भाडेकरू बाई राहत होत्या. मुलगी त्यांच्यापाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "अज्जी, येथे कधी विहीर होती का?" या पेठेत जुन्या विहिरी किती बुजविल्या त्याची गणती कोणत्याही कचेरीत नाही, आणि यंत्र खालून जाताना तीच धास्ती असते. अज्जींनी बराच वेळ विचार केला. मग त्या म्हणाल्या, सून म्हणून या घरात आले तेव्हा जिन्याखाली पाणी शेंदीत असू. पुढे एक मूल पडता पडता वाचले म्हणून वर फरशी टाकली.

मी या घरात चाळीस वर्षे ये-जा केली होती, आणि मी इंजिनिअर. मला ही गोष्ट माहीत नव्हती.

मुलीने सारे लिहून घेतले. वहीत 'माहिती देणार' या शब्दांपुढे अज्जींचे पूर्ण नाव लिहिले आणि खाली स्वतःची सही केली. मी तिला विचारले, अज्जींची आठवण चुकीची निघाली तर? ती म्हणाली, "तर चूक माझी, सार्. तपासावयास मी आहे ना."

तिसऱ्या दिवशी माणसे येऊन जिन्याखालची फरशी उचलली. विहीर तेथेच होती, आणि तिच्यात पाणीही होते.